चांदी धरणारा, तांबं सोडणारा रेणू संगणकावर कसा घडवायचा

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याला हुपरीच्या चांदीकामातल्या ॲसिड-धुवणाच्या पाण्यातून उरलीसुरली चांदी पकडणारा रेणू संगणकावर शोधायचा आहे. पाण्यात चांदीपेक्षा तांबं कितीतरी जास्त आहे. त्याने 18-क्राऊन-6 (बारा कार्बन आणि सहा ऑक्सिजनचं, मधल्या पोकळीत आयन धरणारं वलय) आणि त्याचे काही भाऊबंद एक्सटीबी या झटपट अंदाजी गणनेच्या प्रोग्रॅमवर चालवले. सगळ्यांत तांब्याची बंधऊर्जा चांदीच्या तीन-चारपट आली. मग चांदी निवडणारा रेणू मिळणार तरी कसा, की ही वाटच चुकीची, असं त्याने विचारलं आहे.

वाट बरोबर आहे. आकडा चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देतोय, एवढंच. तुम्ही मोकळा, उघडा आयन आणि रेणू यांच्यातली ओढ मोजली. पाण्यात उघडा आयन नसतोच. तांब्याच्या आयनाभोवती पाण्याचा जो वेढा असतो, त्याची जलयोजनाची मुक्त ऊर्जा सुमारे उणे 2010 किलोज्यूल प्रति मोल आहे. चांदीची सुमारे उणे 430. म्हणजे तांबं तुमच्या रेणूला चारपट जोराने धरतं, तसं ते पाण्यालाही साडेचारपट जोराने धरून बसलेलं आहे. रेणूला तांबं हवं असेल तर आधी तो वेढा सोडवावा लागतो. शेवटी हातात उरतो तो दोन प्रचंड आकड्यांमधला छोटासा फरक, आणि आपल्याला हवी असलेली निवड त्या फरकात असते. 18-क्राऊन-6 चंच उदाहरण घ्या. वायुरूपात ते पोटॅशियमपेक्षा सोडियमला जास्त घट्ट धरतं, पण पाण्यात उलटं होतं: पोटॅशियमचा लॉग के (पकडीच्या समतोल स्थिरांकाचा लॉगॅरिदम; जितका मोठा तितकी पकड घट्ट) सुमारे 2.0, सोडियमचा 0.8. रेणू तोच, भोक तेवढंच. बदललं ते पाणी. म्हणून "आयनाची त्रिज्या आणि वलयाचं भोक जुळलं की झालं" हे पाठ्यपुस्तकी वाक्य डोक्यातून काढून टाका. त्यावर विसंबून केलेली डिझाइन्स बहुतेक फसतात.

संगणकाला हात लावण्याआधी एक कागद घ्या आणि पाण्याचा हिशेब मांडा. समजा लिटरला 10 मिलिग्रॅम चांदी आणि 1 ग्रॅम तांबं आहे. चांदी झाली 0.093 मिलिमोल, तांबं 15.7 मिलिमोल, म्हणजे जवळपास 170 पट. मोकळा लिगंड (धातू धरणारा रेणू) 1 मिलिमोलर ठेवला आणि 99 टक्के चांदी पकडायची म्हटली, तर चांदीचा लॉग के 5 लागतो. आणि तांब्याने लिगंडची दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा अडवू नये असं हवं असेल, तर तांब्याचा लॉग के 0.85 च्या खाली हवा. हे दोन आकडे म्हणजे तुमचं खरं लक्ष्य. "चांदीला जास्तीत जास्त घट्ट धरणारा रेणू" हे लक्ष्यच नाही. फार घट्ट धरणारा नंतर चांदी सोडतही नाही, आणि एकदाच वापरून टाकून द्यायचा लिगंड कुणालाच परवडत नाही.

याच कागदावर आणखी एक प्रश्न लिहा: मीठ टाकून भागत नाही का? हा प्रश्न टाळू नका, कारण तुमचे परीक्षक आणि हुपरीचा कारागीर दोघंही तोच पहिल्यांदा विचारतील. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार 1.8 गुणिले 10 चा उणे 10 वा घात आहे. निळसर पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की नासलेल्या दुधासारख्या पांढऱ्या गाठी येतात आणि उजेडात त्या जांभळट होत जातात. ती तुमची चांदी. लिटरला 0.6 ग्रॅमच्या आसपास जादा मीठ असेल तर समतोलाच्या हिशेबाने विरघळलेली चांदी लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्याही खाली जाते. त्यामुळे लिगंडला खरं काम उरतं ते दोन ठिकाणी: मिठाने येणारा गाळ इतका बारीक की तो खाली बसतच नाही, म्हणून मीठ टाकायचंच नाही, किंवा तांब्याचं नायट्रेट क्लोराइडविना शुद्ध ठेवून परत वापरायचं आहे. तुमचा प्रकल्प या दुसऱ्या कारणावर उभा करा, ते पक्कं आहे. मात्र पाण्यात आधीच क्लोराइड असेल तर गाशा गुंडाळा. लॉग के 4.3 चा (पुढे येणाऱ्या दोन-गंधक वलयासारखा) लिगंड सिल्व्हर क्लोराइडमधून चांदी ओढून काढू शकत नाही. त्या अदलाबदलीचा स्थिरांक 10 चा उणे 5.4 वा घात येतो.

आणि एक गोष्ट गंभीरपणे लक्षात घ्या. चांदीच्या मुलाम्याची टाकी सायनाइडची असते. ते पाणी आणि ॲसिडचं धुवण एकत्र करायचं नाही, नमुना घेतानासुद्धा नाही. हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि माणूस दगावतो. सायनाइडच्या पाण्यात क्राऊन जातीचा लिगंड तसाही निरुपयोगी आहे, कारण चांदी-सायनाइडचा एकूण लॉग बीटा (सगळ्या पायऱ्यांचे लॉग के मिळून) 20 च्या घरात आहे.

आता रसायन. चांदीचा आयन मऊ आहे, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉन-ढग सहज वाकतो; तांब्याचा द्विधन आयन मऊ आणि कठीण यांच्या सीमेवरचा. चांदीला गंधक आवडतो, तांब्याला नायट्रोजन फार आवडतो, ऑक्सिजन दोघांनाही बेताचा. याला जुना आणि विश्वासू पुरावा आहे. 18-क्राऊन-6 मधले समोरासमोरचे दोन ऑक्सिजन बदलत गेलं की पाण्यात चांदीचा लॉग के असा बदलतो: सगळे ऑक्सिजन असताना 1.6, एका जागी एनएच आल्यावर 3.3, दोन्ही जागी एनएच आल्यावर 7.8, दोन्ही जागी गंधक आल्यावर 4.34. हे चार आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा. पुढचं सगळं काम यांच्यावर तोलायचं आहे.

7.8 पाहून नायट्रोजनवाल्या वलयाकडे धावू नका. तुमचं पाणी ॲसिडचं आहे. त्या दोन-एनएच (डायअझा) वलयाचे दोन पीके (प्रोटॉन किती घट्ट बसतो त्याची मापं) सुमारे 9.1 आणि 7.9 आहेत. पीएच 2 ला दोन्ही नायट्रोजनवर प्रोटॉन बसलेला असतो. हिशेब सोपा आहे: 9.1 अधिक 7.9 म्हणजे 17, त्यातून दोन प्रोटॉनचे 4 वजा, राहिले 13. 7.8 मधून 13 गेले, उणे 5.2. म्हणजे त्या पाण्यात हा लिगंड चांदीला धरतच नाही. थायोईथरचा, म्हणजे दोन कार्बनांमध्ये बसलेला गंधक मात्र या पीएचला प्रोटॉनला दाद देत नाही, त्यामुळे त्याचे 4.34 तसेच्या तसे हातात राहतात. नुसत्या बंधऊर्जेच्या तक्त्यात डायअझा नेहमी पहिला येईल आणि प्रत्यक्षात नापास होईल. म्हणून प्रत्येक उमेदवारापुढे पीएचचा हा हिशेब लिहिल्याशिवाय त्याला क्रमांक द्यायचा नाही.

गंधकाचीही अट आहे. नायट्रिक ॲसिड विरळ असेल तरच तो टिकतो. तीव्र ॲसिडमध्ये थायोईथरचं सल्फॉक्साइड होतं आणि चांदीची ओढ संपते. पहिल्या धुवणाचं पाणी नको, नंतरच्या खळबळून काढलेल्या पाण्यावर काम करा.

संगणकाचं काम इथून सुरू होतं. साधन फार लागत नाही. आठ कोअर आणि 32 जीबी मेमरी असलेला पीसी, त्यावर लिनक्स, एक्सटीबी, रेणूचे आकार शोधणारं क्रेस्ट, आणि अधिक अचूक ऊर्जा काढणारं, शैक्षणिक वापराला मोफत असलेलं ओर्का. रेणू काढायला अवोगाड्रो. ओर्काला प्रत्येक कोअरमागे मेमरी सांगावी लागते. 32 जीबीला आठ कोअर म्हटल्यावर 3000 एमबीच्या वर जाऊ नका, नाहीतर कंपनांच्या वारंवारतेची गणना मध्यरात्री बंद पडते. यूपीएस घ्याच. लाईट गेली तरी शेवटची रचना आणि तरंगफलनाची फाइल शिल्लक असते; तिथून पुन्हा सुरू करायची, पहिल्यापासून नाही.

पहिली पायरी कॉन्फर्मरची, म्हणजे एकाच रेणूच्या वेगवेगळ्या वळणांची, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मोकळं 18-क्राऊन-6 पुस्तकातल्या चित्रासारखं गोल, सगळे ऑक्सिजन आत वळवून बसलेलं नसतं. त्याच्या स्फटिकात दोन सीएच-टू गट आत वळून पोकळी भरतात; मुकुटाचा तो सुंदर आकार पोटॅशियम आल्यावर तयार होतो. गंधकाची वलयं याहून हट्टी. कार्बन-गंधक बंध सुमारे 1.81 अँगस्ट्रॉम लांब असतो, कार्बन-ऑक्सिजन 1.43. या लांबीमुळे आणि गंधकाच्या मोठ्या आकारामुळे कार्बन-गंधक बंधाभोवती वाकडी मांडणी सोयीची पडते, आणि गंधक वलयाच्या बाहेर तोंड करून बसतात. चांदी आल्यावर त्यांना आत वळावं लागतं. त्या वळण्याची किंमत बंधऊर्जेतून वजा होते. तुम्ही जर कॉम्प्लेक्समधून (धातू धरलेल्या लिगंडमधून) धातू पुसून उरलेल्या रचनेलाच "मोकळा लिगंड" धरलं असेल, तर ही किंमत शून्य धरली गेली, आणि प्रत्येक ढिसाळ रेणू पहिलवान दिसू लागला.

म्हणून क्रेस्ट दोनदा चालवा: एकदा मोकळ्या लिगंडवर, एकदा कॉम्प्लेक्सवर. दोन्हीत एक्सटीबीची जीएफएन2 पद्धत आणि पाण्याला सतत माध्यम धरणारं एएलपीबी मॉडेल. चांदीच्या कॉम्प्लेक्सला प्रभार अधिक 1 आणि न जोडलेले इलेक्ट्रॉन 0. तांब्याला अधिक 2 आणि 1. प्रभार लिहायला विसरलं तर प्रोग्रॅम तक्रार न करता शून्य धरतो आणि बिनदिक्कत निकाल देतो. निकालाच्या फाइलमध्ये प्रभार डोळ्यांनी वाचा. दुसरी खोड: क्रेस्टच्या मेटाडायनॅमिक्समध्ये (रेणूला नव्या आकारांकडे ढकलणाऱ्या गणनेत) कधीकधी धातूच बाहेर पडतो. प्रत्येक कॉन्फर्मरमध्ये धातू ते दाता अणू (लिगंडचा धातूला धरणारा अणू) अंतरं काढणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहा. चांदी-गंधक 2.5 ते 2.7 अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यात बसलं पाहिजे, तांबं-नायट्रोजन 2.0 च्या आसपास. चांदी-गंधक 3.2 दिसलं तर तो बंध नव्हे, शेजार आहे.

जीएफएन2 ला रचना शोधण्यापुरतं वापरा. धातूंच्या बाबतीत त्याच्या ऊर्जेवर क्रमवारी लावायची नाही. क्रेस्टच्या 6 किलोकॅलरीच्या खिडकीत जे कॉन्फर्मर येतात ते ओर्कात आर2स्कॅन-3सी या अधिक अचूक पद्धतीवर पुन्हा सुलभ करा, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या रचनेपर्यंत आणा, पाण्याच्या सीपीसीएम मॉडेलमध्ये. दोन-गंधक (डायथाया) वलय आणि चांदी मिळून 43 अणू होतात. आठ कोअरवर काही तासांचं काम. चांदीच्या आतल्या 28 इलेक्ट्रॉनसाठी प्रभावी गाभा विभव (त्या इलेक्ट्रॉनांच्या जागी वापरायचं सूत्र) लागतं, ते डेफ2 कुळातल्या बेसिस सेटसोबत (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणाऱ्या फलनांच्या संचासोबत) आपोआप येतं. बेसिस सेट हाताने बदललात तर ते टिकलं का पाहा. शेवटी निवडक रचनांवर ओमेगाबी97एक्स-व्ही ही पद्धत आणि डेफ2-टीझेडव्हीपीपी हा बेसिस सेट यांवर एकेकदा ऊर्जा काढा, आणि पाण्यासाठी एसएमडी मॉडेल.

वारंवारता गणनेत हलक्या कंपनांनी घोळ होतो. क्राऊनसारख्या लवचीक रेणूत 100 सेंटिमीटर-व्यस्तांकाखाली अनेक कंपनं असतात आणि साध्या हार्मोनिक सूत्रात ती एन्ट्रॉपी फुगवतात. ओर्काचा अर्ध-ताठ-घूर्णक सुधार (अशा कंपनांना घूर्णनासारखं धरणारी दुरुस्ती) चालू ठेवा. एखादी छोटी काल्पनिक वारंवारता (रचना अजून तळाला न पोचल्याची खूण) आली तर त्या दिशेने रचना जराशी ढकलून पुन्हा सुलभ करा. तशीच सोडून पुढे जाऊ नका.

आता मूळ मुद्दा, फरक कसा काढायचा. बरेच जण अशी अभिक्रिया लिहितात: चार पाण्यांनी वेढलेली चांदी अधिक लिगंड, त्यातून कॉम्प्लेक्स अधिक चार सुटी पाणी. दिसायला रास्त, पण यात डावीकडे दोन कण आणि उजवीकडे पाच. वायूच्या 1 वातावरण दाबाच्या मानक स्थितीतून 1 मोलरवर यायला प्रत्येक कणामागे 1.89 किलोकॅलरी, तीन जादा कणांचे 5.7. वर प्रत्येक सुट्या पाण्याला 55.3 मोलर संहतीचे 2.38, चार पाण्यांचे 9.5. एकूण 15.2 किलोकॅलरी प्रति मोल. 25 अंशांना 1.36 किलोकॅलरी म्हणजे लॉग के चं एक एकक. म्हणजे ही एक दुरुस्ती विसरलात तर उत्तर 11 लॉग एककांनी चुकलं! शिवाय सतत माध्यमाचं मॉडेल आयनाच्या अगदी लगतच्या पाण्याला नीट हाताळत नाही, आणि द्विधन आयनाला तर ती चूक आणखी मोठी.

यातून सुटायची खात्रीची रीत म्हणजे एकाच आयनासाठी दोन लिगंडांची अदलाबदल लिहायची. चांदीसह 18-क्राऊन-6 अधिक नवा लिगंड, त्यातून चांदीसह नवा लिगंड अधिक मोकळं 18-क्राऊन-6. दोन्हीकडे दोन-दोन कण, दोन्हीकडे तोच प्रभार. मानक स्थितीच्या दुरुस्त्या आपसात कटतात, माध्यमाच्या चुकाही बऱ्याच कटतात. आणि इथे भिंतीवरचे चार आकडे कामाला येतात. 18-क्राऊन-6 च्या तुलनेत एक-एनएच वलयाला उणे 2.3 किलोकॅलरी, दोन-एनएच वलयाला उणे 8.5, दोन-गंधक वलयाला उणे 3.7 यायला हवेत. तुमची पद्धत, तुमचे कॉन्फर्मर, तुमची सेटिंग हे तीन आकडे एक-दीड किलोकॅलरीच्या आत देतात का पाहा. देत नसतील तर नवा रेणू काढायला बसू नका. आधी कॉन्फर्मरचा शोध पुन्हा करा, नव्वद टक्के वेळा दोष तिथेच असतो. संदर्भ वाढवायचे तर चांदीला अमोनिया आहे, पहिल्या पायरीला 3.3 आणि दोन्ही मिळून 7.2.

तांब्यासाठी वेगळी खुंटी ठोका. चांदी आणि तांब्याची थेट अदलाबदल लिहू नका, प्रभार वेगळे असल्यामुळे चुका कटत नाहीत, उलट साचतात. तांब्याचं नवं कॉम्प्लेक्स तांब्याच्याच ज्ञात कॉम्प्लेक्सशी तोला: अमोनिया, लॉग के सुमारे 4, इथिलिनडायअमीन, 10.5. मग चांदीचा तोललेला लॉग के उणे तांब्याचा तोललेला लॉग के, ही तुमची निवडक्षमता. तांब्याच्या कॉम्प्लेक्सला मोकळ्या जागी पाणी जोडायला विसरू नका. तांब्याला चार जवळचे आणि एक-दोन लांबचे शेजारी लागतात. ते न दिल्यास संगणक लिगंडलाच वेडावाकडा पिळून ती जागा भरतो आणि तांबं फारच आवडलेलं दिसतं.

गंधक आणि तांबं यांच्यात आणखी एक मेख आहे. थायोईथर भोवती असताना द्विधन तांब्याचं एकधन तांब्यात रूपांतर सोपं होतं, आणि एकधन तांबं चांदीसारखंच मऊ. चार गंधकांची वलयं अंतिम यादीत घ्यायची असतील तर एकधन तांब्याचं कॉम्प्लेक्सही काढून पाहावं. 14 अणूंचं चार-गंधकी वलय तर द्विधन तांब्यालाही बऱ्यापैकी धरतं, ते तुमच्या कामाचं नाही.

डिझाइन म्हणजे नेमकं काय बदलायचं? पहिली गोष्ट, कडीचा आकार. धातू आणि दोन दाते मिळून जी कडी बनते ती पाच अणूंची असेल तर मोठ्या आयनाला सोयीची, सहाची असेल तर छोट्याला. नायट्रोजनच्या कड्यांसाठी रसायनशास्त्रज्ञ हॅनकॉकने मांडलेला हिशेब असा: पाचच्या कडीत धातू-नायट्रोजन आदर्श अंतर 2.5 अँगस्ट्रॉम आणि कोन 69 अंश, सहाच्या कडीत 1.6 अँगस्ट्रॉम आणि 109.5 अंश. चांदीची त्रिज्या 1.15, तांब्याची 0.73. तेव्हा चांदीसाठी दात्यांमध्ये दोन कार्बनचा पूल ठेवा. तीन कार्बनचा घातलात की तांब्याला आवतण दिलंत.

दुसरी गोष्ट, गंधकांना आधीच आत वळवून ठेवणं. दोन गंधकांमध्ये ताठ तुकडा घालायचा. बेन्झिन थेट गंधकाला जोडू नका. ॲरिल थायोईथरचा गंधक आपले इलेक्ट्रॉन वलयाकडे देऊन बसतो आणि दाता म्हणून दुबळा होतो. मध्ये एक सीएच-टू ठेवा, म्हणजे ताठपणाही मिळतो आणि दातृत्वही राहतं. पिरिडिन मध्ये घालून दोन बाजूंना गंधक ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. चांदीला ते छान बसतं, पण तांबंही त्या नायट्रोजनवर तुटून पडतं. 170 पट तांब्याच्या पाण्यात तो रेणू माझ्या मते पहिल्याच फेरीत बाद करावा.

तिसरी गोष्ट, चांदीला दोन दात्यांची सरळ रेषेतली मांडणी चालते, 180 अंशांकडे झुकणारी. तांब्याला ती मुळीच रुचत नाही, त्याला चौरस हवा. दोन गंधक समोरासमोर आणि बाकी जागी फक्त दुबळे ऑक्सिजन, ही मांडणी निवडीला पोषक असते. ऑक्सिजनमुळे रेणू पाण्यात विरघळायलाही मदत होते.

हे हाताने चार-पाच रेणूंवर जमेल. शेकडो जोडतुकडे तपासायचे तर होस्टडिझायनर वापरा. पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीतल्या हे आणि फर्मन यांनी 2002 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याला धातू आणि दात्यांचा आदर्श तुकडा द्यायचा, कोणत्या हायड्रोजनच्या जागी जोड चालेल ते सांगायचं; तो जोडतुकड्यांच्या संग्रहातून एकेक घालून पाहतो आणि भूमिती जुळणाऱ्यांना वर आणतो. निकालात हजारो नावं येतील. तो फक्त भूमिती पाहतो. रेणू बनतो का, ॲसिडमध्ये टिकतो का हे त्याला ठाऊक नाही. म्हणून चाळण्या लावा. आधी तीन पायऱ्यांत न बनणारे काढा. मग ताणाची चाळण: कॉम्प्लेक्समधल्या रचनेतून धातू काढून लिगंडची ऊर्जा घ्या, त्यातून मोकळ्या लिगंडच्या सर्वांत खालच्या कॉन्फर्मरची ऊर्जा वजा करा. हा आकडा डायथाया वलयाच्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर रेणू बाद. उरलेल्या शे-दोनशेवर क्रेस्ट, त्यातल्या वीसेकांवर ओर्का, आणि हातात बनवायला दोन किंवा तीन. वीस रेणूंना पीसी पुरत नसेल तर विद्यापीठामार्फत पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रावर वेळ मिळतो का ते मार्गदर्शकांना विचारा. पण पीसीवर तोलणी बरोबर आल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

रेणू बनवायचा विचार यादी करतानाच हवा. वलय मिटवायला डायथायॉल (दोन एसएच गटांचं संयुग) घ्या, समोरच्या ऑक्सिजनवाल्या साखळीवर टोसिलेट (सहज निघून जाणारा गट) ठेवा, सीझियम कार्बोनेट हा आम्लारी आणि डीएमएफ हा द्रावक वापरा, आणि दोन्ही घटक खूप पातळ करून तासन्‌तास थेंबाथेंबाने सोडा. घाई केली की वलयाऐवजी लांब साखळ्या होतात. याच्या उलट मार्ग, म्हणजे गंधकापासून दोन कार्बनवर क्लोरीन असलेली संयुगं, मनातही आणू नका. ती मस्टर्ड वायूच्या कुळातली आहेत, कातडी आणि फुप्फुसं जाळतात.

शेवटी हा लिगंड पाण्यात मोकळा सोडायचा नाही; तो सिलिका किंवा पॉलिस्टायरिनच्या मण्यांवर बांधायचा, नाहीतर चांदीबरोबर तोही पंचगंगेकडे वाहून जाईल. बांधायची साखळी वलयाच्या कार्बनवर कुठे येणार ते ठरवा आणि गणनेत त्या जागी मिथिल गट ठेवा. कार्बन चुकीचा निवडला तर साखळी गंधकाला पुन्हा बाहेर वळवते, आणि ते संगणकावर आधीच दिसतं. धरलेली चांदी काढायला थायोयुरियाचं आम्लयुक्त द्रावण चालतं.

पहिला रेणू हातात आला की धुवणाचं पाणी लगेच घेऊ नका. आधी चांदीच्या तारेचा इलेक्ट्रोड करून शुद्ध सिल्व्हर नायट्रेटमध्ये मोजा, पार्श्वभूमीला 0.1 मोलर पोटॅशियम नायट्रेट आणि विआयनित पाणी. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्लोराइडने द्रावण गढुळतं. संदर्भ इलेक्ट्रोडचा क्षारसेतूही पोटॅशियम नायट्रेटचा हवा. नेहमीचा पोटॅशियम क्लोराइडचा ठेवला तर तो झिरपत राहतो, चांदी हळूहळू गाळात जाते आणि लिगंडने धरल्यासारखी दिसते. आधी ज्ञात डायथाया वलयावर हात बसवा. मोकळा लिगंड 1 मिलिमोलर असताना त्याने मुक्त चांदी सुमारे 23 पटींनी खाली आणायला हवी, म्हणजे विभव 80 मिलिव्होल्टच्या आसपास उतरायला हवं. तेवढं उतरलं की मग नव्या रेणूची बाटली उघडा.